विहिणीनं आणलेली वाइन

विहीणबाई आमच्या घरी नांदेडला आल्या त्या जानेवारीत, आमच्या लेकीबरोबर. जावई आले नव्हते. "त्याच्या ऑफिसचं काम निघालं," असं लेक म्हणाली आणि बूट काढायला खाली वाकली. तिचं तोंड मला दिसलं नाही. मीही जास्त विचारलं नाही, कारण विहीणबाई दारातच उभ्या होत्या आणि त्यांना आत कसं बोलवावं तेच मला सुचत नव्हतं. नमस्कार केला. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि गालाला गाल लावला. समोरच्या घरातली वहिनी गॅलरीतून बघून राहिली होती.

आमची लेक हंगेरीत असते, हे सांगताना अजूनही मला सुरुवातीपासून सांगावं लागतं. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून तिला लातूरला टाकलं. तिथं मी खोली करून दोन वर्षं तिला करून घातलं. हे इकडं दुकान सांभाळायचे, शनिवारी बसनं यायचे. मग ती पुण्याला गेली आणि तिथून स्कॉलरशिपवर हंगेरीला. हंगेरी कुठं आहे ते मी पहिल्यांदा तेव्हाच नकाशावर बघितलं. तिथंच नोकरी लागली, तिथंच त्या मुलाशी ओळख झाली, आणि तिथल्या कचेरीत लग्न झालं ते आम्ही फोनवर बघितलं. नंतर नांदेडला रिसेप्शन केलं, तेव्हा व्याही आणि विहीण दोघं आले होते.

व्याही उंच, पांढऱ्या मिशांचे, मोकळे गृहस्थ होते. त्यांचा द्राक्षांचा छोटा मळा होता आणि ते घरच्यापुरती वाइन करायचे. रिसेप्शनच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं मटण जेवताना त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी लांबलचक सांगितलं. लेक म्हणाली, "पप्पा, ते म्हणतात, पुढच्या खेपेला माझी वाइन आणतो आणि आपण दोघं मिळून पिऊ." हे "हाव, हाव" म्हणाले. ह्यांनी जन्मात कधी थेंब घेतलेला नाही. पण पाहुण्याला कशाला नाही म्हणायचं? पुढची खेप आलीच नाही. व्याही त्यानंतरच्या हिवाळ्यात गेले. तेव्हाही आम्ही फोनवरच होतो, विहीणबाई काळे कपडे घालून बसल्या होत्या.

आता त्या एकट्या आल्या होत्या. त्यांना आमची भाषा येत नाही, मला त्यांची येत नाही, आणि इंग्रजी दोघींनाही बेताचंच. म्हणून लेकीनं माझ्या फोनात ते भाषांतराचं करून दिलं होतं. आपण बोलायचं, मग फोनातली बाई त्यांच्या भाषेत बोलते. त्या बाईचा काही भरवसा नव्हता. पहिल्याच दिवशी मी विहीणबाईंना म्हणाले, "दमला असाल, जरा टेका." फोनातली बाई काहीतरी बोलली. विहीणबाई उठल्या, इकडंतिकडं बघितलं आणि भिंतीला पाठ टेकवून उभ्या राहिल्या. हे हसू आवरत बाहेर निघून गेले. मग त्या माझ्या स्वयंपाकघराबद्दल काही कौतुकाचं बोलल्या असाव्यात, कारण त्या हसत होत्या, पण मराठीत ऐकू आलं, "तुमचे स्वयंपाकघर गरम डोक्याचे आहे."

तेव्हापासून फोनातल्या बाईनं काहीही सांगितलं की हे म्हणायचे, "सोडून दे, चुकला असंल फोन."

एक गोष्ट मात्र लेकीनं स्वतः समजावून सांगितली. विहीणबाई मला हाक मारायच्या ती "ऑन्यॉतार्श" अशी ऐकू यायची. मला वाटलं माझं नाव त्यांना जमत नसेल. लेक म्हणाली, "आई, ते नाव नाही. विहिणीला त्यांच्यात तसंच म्हणतात. आईची जोडीदारीण, तसं काहीतरी. इंग्रजीत ह्याला शब्दच नाही बघ, पण त्यांच्यात आहे अन् आपल्यात आहे." मला ते फार आवडलं. एवढ्या लांबच्या मुलखात विहिणीला वेगळा शब्द आहे म्हणजे तिथंही हे नातं मानत असतील, असं मी मनाशी म्हणाले. लेक मात्र ते सांगून झाल्यावर फोन घेऊन गच्चीवर गेली. ती सारखी गच्चीवर जायची.

रविवारी मटण करायचं ठरलं. विहीणबाईंनी बॅगेतून बाटली काढली. लोकरी स्वेटरमध्ये गुंडाळून, वर टॉवेल लपेटून आणली होती. व्याह्यांनी स्वतः भरलेली, त्यांच्या हातची शेवटची. कागदाच्या चिठ्ठीवर पेनानं लिहिलेलं होतं. आणखी एक पिशवी काढली, तिच्यात लाल तिखटासारखी पूड. मी बोटावर घेऊन चाखली तर तिखट अजिबात नाही, उलट गोडसर, आणि रंग म्हणाल तर आपल्या ब्याडगीच्या वरताण. त्यांनी खुणेनं सांगितलं, आज मी पण शिजवणार.

आम्ही दोघी मटण आणायला गेलो. ज्यांच्याकडून आम्ही वर्षानुवर्षं मटण घेतो ते भाई विहीणबाईंकडं बघतच राहिले. मी म्हणाले, "माझी विहीण हाय, फॉरेनची." विहीणबाईंनी स्वतःच्या खांद्यावर हात मारून दाखवला. भाई म्हणाले, "काकू, पाहुनी खांद्याचं मागून राहिली. बराबर हाय, शिजवायला तेच बेस्ट." मग त्यांनी आतून खुर्ची आणून दिली, चहा मागवला. मला त्या दिवशी फार भारी वाटत होतं, हे मला नीट आठवतं. विहीण दुकानात बसून कटिंग पिते आहे आणि सगळं बरं चाललं आहे, असं वाटण्याचा तो शेवटचा तास होता.

घरी आल्यावर एका शेगडीवर मी आणि एकीवर त्या. माझा नेहमीचा रस्सा, काळ्या तिखटाचा. त्यांचं वेगळंच. त्यांनी कांदा इतका वेळ परतला की तो विरघळून गेला, मग भांडं खाली उतरवून त्यात ती लाल पूड घातली. आचेवर घातली की ती कडू होते, हे त्यांनी तोंड वाकडं करून मला दाखवलं. मग मटण, थोडं पाणी आणि झाकण. खोबरं नाही, वाटण नाही. मला वाटलं, ह्याला काय चव येणार?

शिजेपर्यंत त्या ओट्याला टेकून वाइनबद्दल सांगत राहिल्या. फोनातली बाई त्या दिवशी जरा शहाण्यासारखी वागली. ही एका द्राक्षाची वाइन नव्हती. तीनचार जातींच्या द्राक्षांची वेगवेगळी करून मग एकत्र केलेली. एकीचा आंबटपणा, एकीचा रंग, एकीचा वास मिऱ्यासारखा. व्याही तळघरात बसून थोडी ह्यातली थोडी त्यातली मिसळायचे आणि चाखायला विहीणबाईंना द्यायचे. त्यांनी मान हलवली की ठरलं. मी म्हणाले, "आमचं काळं तिखट असंच असतं. धणे, खोबरं, दगडफूल, सगळं वेगवेगळं भाजायचं." फोनानं ते कसं पोचवलं कोण जाणे, पण त्यांनी माझा डबा उघडून वास घेतला आणि डोळे मिटले.

ह्या वाइनबरोबर काय खातात, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या हरण. मग रानडुक्कर, बदक, रानातल्या अळंब्या, जुनं झालेलं चीज. मला हसूच आलं. लोह्याजवळ आमचं शेत आहे, तिथं हरणं येऊन तूर खातात, डुकरं भुईमूग उकरतात, आणि आपण नुसतं हुसकावत बसायचं. खायची गोष्ट कुठली! मी त्यांना भाजलेल्या वांग्याचं भरीत चाखवलं. त्यांनी मान डोलावली, हे चालेल. शेंगदाण्याची चटणी चाखली, पाणी प्यायल्या आणि दोन्ही हातांनी नको नको केलं. माझ्या रश्शाचा एक चमचा घेतला तेव्हा तर डोळ्यांत पाणी आलं. तिखट असलं की ह्या वाइनची चव मरते आणि तोंड जास्त पोळतं, असं त्या सांगत होत्या. ज्वारीची भाकरी मात्र त्यांनी कोरडीच खाल्ली, उभ्या उभ्या.

जेवायला बसलो. विहीणबाईंनी बाटली उघडायचा स्क्रूसुद्धा मोज्यात घालून आणला होता. स्टीलच्या पेल्यात ओतली तर रंगच दिसेना, म्हणून मी सरबताचे काचेचे ग्लास काढले. खिडकीकडून उजेड आला तसा तो रंग पिकल्या जांभळासारखा दिसला. त्यांनी चौघांनाही ओतली. ह्यांच्यापुढंही ठेवली. हे अवघडून बसले. काहीतरी बोलायचं म्हणून ह्यांनी चिठ्ठीवरच्या अक्षरांकडं बोट दाखवलं, "काय नाव हाय हिचं?"

विहीणबाई फोनात बोलल्या. फोनातली बाई म्हणाली, "बैलाचे रक्त."

ह्यांनी हात मागं घेतला. आमच्या शेतावर अजून बैलजोडी आहे. भावकीत सगळ्यांचे ट्रॅक्टर आले तरी ह्यांनी ती ठेवली आहे, पोळ्याला स्वतः जाऊन शिंगं रंगवतात. लेक घाईघाईनं म्हणाली, "पप्पा, नुसतं नाव आहे ते. जुनी गोष्ट आहे. किल्ल्याला वेढा पडला होता, आतल्या शिपायांनी लाल वाइन प्यायली, दाढ्या लाल झाल्या. बाहेरच्या फौजेला वाटलं हे बैलाचं रक्त पिऊन लढतात, म्हणून ते घाबरले. द्राक्षंच आहेत हो."

"असतील," हे म्हणाले. "पण मला न्हाई जमायचं. त्यांला सांग, राग मानू नका."

लेकीनं सांगितलं. विहीणबाईंचा चेहरा उतरला, पण त्यांनी आग्रह केला नाही. त्या ग्लासाकडं बघत हळूहळू काहीतरी बोलल्या. लेकीनं ते मराठीत केलं नाही. तिनं मान खाली घातली. फोन मात्र चालूच होता, आणि त्यातली बाई तिच्या त्याच कोरड्या आवाजात म्हणाली, "माझ्या नवऱ्याची इच्छा होती की आपण कुटुंब होतो तेव्हा हे एकत्र प्यावे. आता उशीर झाला, तरी मी आणले."

मी घास हातात धरून बसले. "होतो म्हंजे?"

हे म्हणाले, "सोड गं. चुकला असंल फोन."

"फोन चुकला नाही, पप्पा," लेक म्हणाली.

मग तिनं सांगितलं. दोघं वेगळे होऊन वर्ष होत आलं होतं. कागदावरही सगळं झालं होतं. ती वेगळ्या घरात राहत होती आणि आम्ही फोनवर बघायचो ती भिंत त्या दुसऱ्या घराची होती. आम्हाला वाटायचं रंग दिला असेल. हे एवढंच म्हणाले, "मारलं का त्यानं तुला?" "नाही हो." "दुसरी कोणी?" "नाही पप्पा. कोणीच नाही. आमचं नाही जमलं. त्याची पण चूक नाही, माझी पण नाही."

मी आजवर पुष्कळ मोडलेली लग्नं ऐकली आहेत. प्रत्येकात कोणीतरी असतंच, दारू असते, सासू असते, हुंडा असतो. माणसाला राग धरायला जागा लागते. लेकीनं ती जागाच ठेवली नव्हती. हे हात धुऊन दुकानाला निघून गेले. रविवारी दुकान बंद असतं. लेक तिच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली. ताटं तशीच राहिली.

मी दाराशी जाऊन "दार उघड बाई" म्हणत राहिले. आतून "थोडा वेळ दे आई" एवढंच आलं. परत स्वयंपाकघरात आले तर विहीणबाई ओट्यापाशी उभ्या. माझा तोल गेला. मी म्हणाले, "तुम्ही काय करत होता? तुमच्या डोळ्यांदेखत झालं ना हे? पोराला समजावून सांगता येत नव्हतं तुम्हाला? आम्ही इतक्या लांब, तुमच्या भरवशावर पोरगी ठेवली!" फोन बाहेर टेबलावर राहिला होता. त्यांना एक अक्षर कळलं नसणार. पण त्या थांबून ऐकत राहिल्या, आणि माझं संपल्यावर त्या बोलायला लागल्या. त्यांचाही आवाज चढला. त्यांनी छातीवर हात मारला, बंद खोलीकडं दाखवलं, मग दोन्ही तळहात रिकामे करून माझ्यापुढं धरले. ते मात्र मला कळलं. त्यांनाही सगळं झाल्यावरच सांगितलं होतं. लेकीनं मला नंतर सांगितलं की ती एकटीच येणार होती. विहीणबाईच म्हणाल्या, घरी हे सांगायला तू एकटी जाऊ नकोस.

मग त्यांनी त्यांचं मटण परत गरम केलं, दोन ताटल्यांत वाढलं, माझ्या हातात भाकरी दिली आणि ओट्यावरच दोन ग्लास ठेवले. खुणेनं सांगितलं, आधी हे खा, मग हे पी.

मी प्यायले. एकोणसाठ वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा. आधी आंबट लागलं, मग जीभ आकसली, कच्च्या जांभळानं आकसते तशी. घशात जरा ऊब उतरली. मला काही ते आवडलं नाही. त्यांनी पुन्हा घास दाखवला. त्या लाल, गोडसर मटणाचा घास खाऊन घोट घेतला तेव्हा तो तुरटपणा गेला आणि मटणाची चव मोठी झाल्यासारखी वाटली. मी मान हलवली. त्यांनीही हलवली. त्यांच्या नवऱ्याला त्या अशीच मान हलवून सांगत असतील, असं मनात आलं आणि मला रडू फुटलं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी माझी पाठ चोळली आणि दुसऱ्या हातानं गॅस बारीक केला.

हे संध्याकाळी आले. देवाजवळ दिवा लावला, बसले आणि मला हळू आवाजात म्हणाले, "आपलं काय चुकलं असंल?" मी मनात मोजत गेले. लातूरला टाकायला नको होतं का, पुण्याला पाठवायला नको होतं का, का तिकडंच जाऊ द्यायला नको होतं? प्रत्येक वेळी पोरगी हुशार म्हणून आम्ही हो म्हणत गेलो. त्यात चूक कुठली काढायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी हे फोन घेऊन विहीणबाईंसमोर बसले. घसा साफ करून, भाषण केल्यासारखं म्हणाले, "आमच्यात बैलाला देव मानतात. त्याच्यामुळं मी घेतलं न्हाई. तुमचा राग न्हाई. व्याह्यांला मी हो म्हणलो होतो, ते माझ्या ध्यानात हाय." फोनातल्या बाईनं ते काय केलं देव जाणे. विहीणबाईंनी ह्यांच्या हातावर हात ठेवला. ह्यांनी आयुष्यात कोणा परक्या बाईचा हात असा हातावर राहू दिला नसेल, पण त्या दिवशी काढला नाही.

त्या गेल्यावर बाटलीत निम्मी वाइन उरली होती. ती कशी ठेवतात ते मला माहीत नव्हतं. फ्रिजच्या दारात ठेवली, काही दिवसांनी तिला सिरक्याचा वास यायला लागला आणि मी ती मोरीत ओतली.

दोघींना सोडायला आम्ही हैदराबादच्या विमानतळापर्यंत गेलो. बिलोली मागं पडली. लेकीला मी म्हणाले, "इथंच राहा ना थोडे दिवस." ती म्हणाली, "सुट्टी नाही आई. आणि राहून काय करू?" विमानतळावर आपल्याला दारापर्यंतच जाता येतं. विहीणबाईंनी पुन्हा गालाला गाल लावला आणि "ऑन्यॉतार्श" म्हणाल्या. ते नातं आता उरलं होतं का नाही, मला माहीत नव्हतं. घरी आल्यावर समोरच्या वहिनीनं विचारलं, "विहीण गेल्या का?" मी "हाव, गेल्या" म्हणाले. अजून आमच्या गल्लीत कोणाला काही सांगितलेलं नाही.

लेक तिकडंच आहे. गेल्या महिन्यात तिला ताप आला. तीन दिवस तिनं मला सांगितलंच नाही. आवाज बसला होता म्हणून कळलं. मी म्हणाले, "काढा कर, कपाळावर पट्टी ठेव." ती म्हणाली, "हो आई," आणि मला कळत होतं की ती उठणारसुद्धा नाही. विमानाचं तिकीट, व्हिसा, आमच्यानं काय होणार होतं? मी विहीणबाईंना फोनातूनच लिहिलं, "पोरीला ताप आहे, ती एकटी आहे." त्यांचं गाव लेकीच्या शहरापासून बरंच लांब आहे. उत्तर आलं नाही. ह्यांना म्हणाले, त्यांनी तरी का यावं? आता त्यांचं काय लागतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीच्या फोनवरून व्हिडिओ कॉल आला. फोन विहीणबाईंच्या हातात होता. अंगात अजून कोट होता, गळ्यात मफलर. त्यांनी फोन टेबलावर कशाला तरी टेकवून ठेवला, पलंगाशी बसल्या आणि लेकीला चमच्यानं सूप पाजू लागल्या. मी विचारलं, "काय घातलंय त्यात?" त्या सांगायला लागल्या, पुष्कळ काही सांगत होत्या, आणि लेक डोळे मिटून होती, तिला मराठीत करून सांगण्याइतकीही ताकद नव्हती.

हे मागून येऊन उभे राहिले. "काय म्हणून राहिल्या?"

"काही कळंना," मी म्हणाले. "खाऊन राहिली ती. बसा जरा."